विहाराच्या भिंतीवरचा हंस

गेल्या पावसाळ्यात मी या ब्लॉगवर पक्ष्यांबद्दल एक लांबलचक लेख लिहिला होता. चित्रांत, गाण्यांत, गोष्टींत पक्षी येतो तो नेमका कशासाठी येतो, असा विषय. सांगलीच्या शाळेत चित्रकला शिकवण्यात अर्धं आयुष्य गेल्यामुळे उदाहरणांना तोटा नव्हता. पिंडाला न शिवणारा कावळा म्हणजे मागे राहिलेली इच्छा. पिंजऱ्यातली मैना म्हणजे माजघरात अडकलेली बाई. हंस म्हणजे प्राण. आणि आकाशात झेपावणारा कुठलाही पक्षी म्हणजे सुटका, मोकळीक. लेख बऱ्यापैकी वाचला गेला, वाचकांनी खाली चार चांगले शब्द लिहिले आणि विषय संपला असं मला वाटलं.

दिवाळीनंतर त्या लेखाखाली एक नवी प्रतिक्रिया दिसली. लिहिणारीने आपलं नाव सुषमा असं दिलं होतं. ती पांढरकवड्याला कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. तिने लिहिलं होतं, "आमच्या गावच्या विहारात भिंतीवर एक चित्र आहे. त्यातला हंस काढायचा राहून गेला आहे. तुम्ही येऊन तो काढून द्याल का?"

ज्याने चित्र काढलं त्यालाच का नाही सांगत, असं मी विचारलं. त्यावर तिचा फोनच आला. आवाज शांत होता.

"ते चित्र माझ्या धाकट्या भावाने काढलं, मॅडम. प्रकाशने. तो आता नाही. मागच्या पावसाळ्यात फवारणीत गेला."

यवतमाळकडच्या त्या बातम्या मी वाचल्या होत्या. कपाशीवर औषध फवारताना मजुरांना विषबाधा झाली, डोळे गेले, माणसं गेली. वाचून हळहळले होते आणि पान उलटलं होतं. आता त्या बातमीतली एक बहीण फोनवर होती आणि मला हंस काढायला बोलावत होती. "येते," असं मी लगेच म्हणाले. फोन ठेवल्यावर घरी सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, "जानेवारीत लोक समुद्रावर जातात. तू कापसाच्या रानात चाललीस." पण स्टेशनवर सोडायला तोच आला, आणि माझ्या ब्रशांची पिशवी त्यानेच नीट बांधून दिली.

आमच्याकडून तिकडे जाणाऱ्यांसाठी सांगते. कोल्हापूरहून गोंदियाला जाणारी गाडी सोयीची. प्रवास मोठा आहे, सबंध एक दिवस आणि एक रात्र धरून चाला, डबा घरचा घ्या. धामणगावला उतरलं की बाहेरच यवतमाळची एसटी मिळते. माझ्या गाडीला उशीर झाला, तरी बस लगेच मिळाली. जानेवारीतही ऊन चटका देत होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी. बरीचशी वेचून झालेली, खाली उरलेल्या पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, काळपट. कापूस भरून चाललेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या फांद्यांना घासून गेल्यामुळे बाभळींवर जागोजागी पांढरे पुंजके अडकले होते. लांबून मला ते बगळेच वाटले. जवळ आल्यावर कळलं.

यवतमाळला बसस्थानकाजवळच्या साध्या लॉजमध्ये एक रात्र काढली. खोली सातशे रुपये, गरम पाणी बादलीने. सकाळी गाडीवर तर्री-पोहे खाल्ले. वरून घातलेली तर्री, म्हणजे लालभडक तिखट रस्सा, बघून घाबरू नका, पण पहिल्यांदा मागताना "तर्री कमी" म्हणा. पोहेवाल्याने "सांबार टाकू का?" असं विचारलं. पोह्यांवर सांबार कसलं, म्हणून मी नको म्हटलं. मग शेजारच्याच्या बशीत त्याने कोथिंबीर टाकलेली बघितली. इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात.

पांढरकवड्याला जायला मी घाटंजीमार्गे जाणारी बस घेतली. रस्ता अरुंद आणि काही ठिकाणी उखडलेला, पण सागाची झाडं आणि मोकळं रान बघायचं असेल तर हाच रस्ता चांगला. माझ्या शेजारी एक म्हातारी बंजारा बाई येऊन बसली. घाटंजीजवळच्या तांड्यावर भाचीच्या लग्नाला चालली होती. अंगावर आरशांची, जाड टाक्यांची काचोळी, हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. माझी नजर सवयीने तिच्या ओढणीवरच्या नक्षीत फिरायला लागली. चौकोन होते, त्रिकोण होते, कवड्या होत्या.

"काय पाह्यता, बाई?" तिने विचारलं.

"यात कुठं पक्षी आहे का, ते बघतेय."

ती हसली. "आमचं पाखरू कपड्यात नसते. गाण्यात असते."

मग तिने सांगितलं की तांड्यावर लग्न झालं की नवरी एकेकाच्या गळ्यात पडून गात गात रडते. आईच्या, बापाच्या, भावाच्या, अगदी अंगणातल्या गाईच्याही. त्या गाण्यात ती स्वतःला पाखरू म्हणते.

"आता मी उडून चालले, असं म्हणते का?" मी विचारलं. मनात माझा लेख होता.

म्हातारीने मान हलवली. "उडून नाई जात, बाई. तिले उडवून देतेत. कापणीच्या वावरात हाळी देऊन पाखरं उडवतेत का नाई, तसं. माह्या मायच्या गळ्यातून मले चार बायांनी सोडवलं होतं." तिने हाताने गोफण फिरवल्यासारखं केलं. थोड्या वेळाने म्हणाली, "आता पोरी लग्न झाल्यावर नवऱ्यासंगं ऊस तोडाले जातेत. तुमच्याचकडे."

आमच्याचकडे. दर हिवाळ्यात सांगलीच्या रस्त्यावरून तोडणीवाल्यांच्या गाड्या जातात. घाटंजीला उतरण्याआधी तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली.

पांढरकवडा हे नागपूर-हैदराबाद महामार्गावरचं गाव. ट्रक, ढाबे, टायरची दुकानं, आणि जवळच टिपेश्वरचं अभयारण्य. त्यामुळे बाहेरून कोणी बाई पिशवी घेऊन उतरली की पहिला प्रश्न ठरलेला. रिक्षावाल्याने मलाही विचारला, "वाघ पाह्यले आल्या का?"

"नाही. हंस," मी म्हणाले.

"हंस नाई मिळत इकडं," तो गंभीरपणे म्हणाला. "तळ्यावर बदकं हायेत."

सुषमा स्कूटर घेऊन आली होती. पस्तिशीची असेल, बारीक, केस घट्ट बांधलेले. "जय भीम, मॅडम" म्हणाली आणि माझ्या हातातून ब्रशांची पिशवी घेतली. तिच्या दोन खोल्यांच्या घरात त्या दुपारी ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत आणि कांद्याची पात खाल्ली. जेवताना तिने प्रकाशबद्दल सांगितलं.

तो पेंटर होता. दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंतीवरची सुविचारांची चित्रं, महामार्गावरच्या गॅरेजांत ट्रकच्या मागच्या फळीवरचे मोर आणि गरुड. पावसाळ्यात रंगकाम बंद असतं. तेव्हा गावातल्या इतर तरुणांसारखा तोही पाठीवर पंप घेऊन मजुरीने फवारणीला जायचा. त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर वाढली होती आणि अळीही फार होती. फवारा मारला की उलटा तोंडावर यायचा. एका संध्याकाळी तो डोळे चोळत घरी आला. सकाळी त्याला दिसेना, मग उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यात काही दिवस काढले.

"विहाराचं चित्र त्याने उन्हाळ्यात सुरू केलं होतं," सुषमा म्हणाली. "हंस सगळ्यात शेवटी, दसऱ्याआधी काढीन, म्हणायचा. पांढरा रंग शेवटी लावायचा असतो म्हणे, नाहीतर मळतो."

हे खरं आहे. मीही मुलांना तेच सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही स्कूटरवरून गावी गेलो. गावाचं नाव सुषमाच्या सांगण्यावरून इथे देत नाही. मुख्य रस्ता सोडल्यावर गिट्टीचा रस्ता, मग नाला, मग पन्नास-साठ घरांची वस्ती आणि मधोमध निळ्या कठड्याचा छोटा विहार. आत गारवा होता, उदबत्तीचा वास होता. उजव्या हाताच्या भिंतीवर ते चित्र.

गोष्ट सगळ्यांना माहीत असलेली. बाण लागलेला हंस, त्याला उचलून घेणारा लहान राजपुत्र आणि माझी शिकार मला दे म्हणून भांडायला आलेला त्याचा चुलतभाऊ. प्रकाशने बाग काढली होती ती आमच्याकडच्या छापील चित्रांतल्यासारखी नव्हती. मागे सागाची रुंद पानं होती, आणि कुंपणाला चक्क कपाशीची झाडं. चुलतभावाच्या हातातलं धनुष्य नीट ताणलेलं. राजपुत्र मांडी घालून बसलेला, मान खाली, नजर मांडीवर. आणि मांडीवर काही नाही. दोन हातांच्या मध्ये नुसता अस्तराचा चुना.

मी कितीतरी वेळ उभी राहिले. तो कोरा चुनाच सगळ्या चित्रात आधी डोळ्यात भरत होता.

सुषमाचे काका तिथे आले. निवृत्त शिक्षक, विहाराची सगळी व्यवस्था बघणारे. पांढरी टोपी, हातात काठी.

"आमचं असं ठरलं हाये, मॅडम," ते म्हणाले. "हंस उडता काढा. वर, त्या खिडकीकडं. गोष्टीत तो बरा होते आन् उडून जाते. पोरांनी रोज पाह्यलं तं त्याइले उमेद आली पाह्यजे. गावात दुःख लय झालं."

"मलाही तसंच वाटतं," सुषमा म्हणाली. "पंख पूर्ण उघडलेले."

मला तर ते पटलेलंच होतं. चित्राची रचनाही मनात जुळली. रिकाम्या हातांमधून वर निघालेला पांढरा पक्षी, त्याच्या पंखावर खिडकीचा खरा उजेड. मी स्टूल मागवलं आणि कोळशाने भिंतीवर हलकं रेखाटन केलं. दुपारपर्यंत बघायला गर्दी जमली. "वा! एकदम जिवंत," कोणीतरी म्हणालं. काकांनी डोळे पुसले. सुषमाने फोनवर फोटो काढला.

सगळ्यांच्या मागे, दाराच्या चौकटीला धरून एक बाई उभी होती. पांढरं सुती पातळ, पायांना माती. सुषमाने ओळख करून दिली. "ही माझी आई."

मी खाली उतरले, नमस्कार केला. "मावशी, कसा वाटतो?"

त्यांनी रेखाटनाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "बरा हाये," म्हणाल्या आणि वेचणीला जायचंय असं सांगून निघून गेल्या.

शिक्षकी पेशात एवढी वर्षं काढल्यावर पोरांचं "बरं आहे" मला ओळखू येतं. हे तसलंच होतं. त्या रात्री सुषमाच्या गावातल्या घरी झोपले, पण त्या दोन शब्दांनी झोप लागू दिली नाही. सकाळी उठल्यावर रंगाचे डबे उघडायच्या आधी मी विचारलं, "मावशी, तुमच्याबरोबर वेचणीला येऊ का?"

"तुमाले नाई जमत, बोटं फाटतेत," त्या म्हणाल्या. पण नको म्हणाल्या नाहीत.

शेत गावाच्या मागेच होतं. कंबरेला ओटी बांधून त्या ओळीत शिरल्या, मी मागे. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी माझी बोटं पहिल्या काही झाडांतच ओरखडली. त्यांचे हात मात्र दोन्हीकडून एकदम चालायचे. वर एक घार गोल फिरत होती. मी तिच्याकडे बघितलं तशा त्या म्हणाल्या, "मी नाई पाहत वर."

मी थांबले.

"काहून म्हणून विचारा ना," त्या म्हणाल्या. हात चालूच होते.

"का, मावशी?"

"दवाखान्यात मी त्याचा हात धरून बसलेली असो. त्याले दिसत नोयतं. आई, हाये का तू, असं विचारे. मी हात दाबो, मंग तो गप होये." त्यांनी मूठभर कापूस ओटीत टाकला. "त्या दिवशी सकाळी तो झोपला होता. बाजूच्या खाटेवरच्या पोराची माय म्हणे, जा, खाली जाऊन चहा पिऊन ये, मी हाये. मी गेलती. वर आली तं ती बाई दारातच उभी. मले म्हणे, बाई, पाखरू उडालं तुह्यं."

आता त्यांचे हात थांबले.

"मले समजलंच नाई. त्या खोलीत एक चिमणी येत जाये, वरच्या झरोक्यातून. पोळीचे तुकडे खाये. मले वाटलं, ते चिमणीचं सांगून राह्यली. मी खिडकीकडं पाह्यलं, बाई. पोराकडं नाई पाह्यलं. मी खिडकीकडं पाहून म्हटलं, कवा उडाली?"

कपाशीच्या ओळीत आम्ही दोघी उभ्या होतो आणि दूर कुठेतरी ट्रॅक्टर चालू होता.

"तवापासून मले उडतं पाखरू पाहवत नाई," त्या म्हणाल्या. "तुमी चांगला काढला. सारे खुश हायेत. मास्तर रडले. पण मले तिथं रोज वंदनेले बसा लागते. रोज तेच पाहू का मी? रिकामे हात अन् वर चाललेलं पाखरू?"

"मग कसा काढू, मावशी? तुम्ही सांगा."

"मांडीवर ठेवा त्याले," त्या लगेच म्हणाल्या. म्हणजे हे त्यांच्या मनात केव्हाचं तयार होतं. "लागलेला असू द्या. रक्त असलं तरी चालते. पण कोणीतरी धरलेला पाह्यजे."

परतताना मी आधी विहारात गेले. एकटीच. स्टुलावर चढून राजपुत्राचे हात पहिल्यांदा नीट, जवळून पाहिले. काल मी त्यांना नुसते रिकामे हात समजले होते. पण प्रकाशने डावा तळवा थोडा वर उचलून काढला होता, मानेखाली आधार द्यावा तसा. उजव्या हाताची बोटं वाकलेली होती, काहीतरी मऊ धरल्यासारखी. आणि राजपुत्राची नजर. वर उडणाऱ्या पक्ष्याकडे बघणारा माणूस मान खाली घालून बसत नाही. ओला फडका घेतला आणि माझा कोळशाचा हंस पुसून टाकला.

तेवढ्यात सुषमा आली. पुसलेली भिंत बघून ती दारातच थांबली.

"हे काय केलंत?"

मी सांगितलं. हातांचं सांगितलं, आणि आईने हंस मांडीवर ठेवायला सांगितल्याचंही. दवाखान्यातलं मात्र सांगितलं नाही. ते सांगणं माझं काम नव्हतं.

ती भिंतीला पाठ लावून खाली बसली. "मला तो उडताना हवा होता," ती म्हणाली. आवाज चढला होता. "तुम्हाला माहीत आहे? मी त्याला नागपूरला पाठवणार होते, चित्रकलेच्या कॉलेजात. खर्च मी करणार होते. पुढच्या वर्षी जाईन ताई, पुढच्या वर्षी जाईन ताई, असं करत राहिला. मी शिकले, बाहेर पडले. तो इथेच राहिला, दुसऱ्यांच्या वावरात पंप घेऊन. निदान भिंतीवर तरी तो इथून सुटायला नको का? तिथेही त्याला जखमीच ठेवायचा?"

तिचंही खोटं नव्हतं. मी एवढंच म्हणाले, "आईशी बोल. मी रंग उघडणार नाही तोवर."

संध्याकाळी चुलीपाशी त्या दोघी बोलल्या. मी अंगणात खाटेवर होते. घर एवढंसं, बोलणं ऐकू येणारच. मावशींनी तेच सगळं सांगितलं. चहा, दारातली बाई, झरोक्यातली चिमणी. भाकरी थापल्याचा आवाज थांबला.

"आई, तू मले कदी सांगतलं नाई," सुषमाचा आवाज आला. शिकवतानाची तिची भाषा गळून पडली होती.

"काय सांगू? तू आली तं दारातूनच रडत आली. दोघींनी रडून कसं जमते?"

"तू काहून एकटी..."

"एकटी नोयती. ती बाई होती ना. तिचंही पोरगं गेलं, दोन दिवसांनी. तवा परत दवाखान्यात जाऊन तिच्याजवळ मी बसलती."

भाकरी थापल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. थोड्या वेळाने सुषमा बाहेर आली. डोळे सुजलेले होते. "उद्या पांढरा रंग मी कालवून देते," म्हणाली. "प्रकाश त्यात थोडी नीळ टाकायचा. मी बघितलंय."

काकांना सांगायचं काम मावशींनी स्वतः केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी विहारात चार-पाच जण जमले असताना त्या उभ्या राहिल्या, आणि सभेत कधी न बोललेली बाई बोलते तसं भरभर म्हणाल्या, "मास्तर, हंस मांडीवर राहीन. माह्या पोरानं हात तसेच काढले हायेत." आणि लगेच खाली बसल्या.

काकांनी काठी टेकत जाऊन चित्र जवळून पाहिलं. चष्मा काढून पुसला, परत घातला. "पण मंग उमेद?" असं ते अर्धवट म्हणाले. त्यांनी मावशींकडे एकदा पाहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "काढा. त्याच्या हातात नीट बसवा."

त्या दिवशी मी दिवसभर रंगवलं. शिकवताना फळ्यावर हजारदा हंस काढला असेन, उभा, पोहणारा, पंख पसरलेला. दुखावलेला हंस काढायला बसले तेव्हा कळलं की मान कशी पडते ते मला ठाऊकच नाही. गावातल्या एकीने तिची आजारी कोंबडी मांडीवर घेऊन दाखवली, तेव्हा ते वजन कुठे जातं ते समजलं. मान डाव्या तळव्यावर आली. एक पंख मिटलेला, दुसरा अर्धवट उघडून राजपुत्राच्या गुडघ्यावरून खाली लोंबलेला. बाण मी हंसाच्या अंगात रुतलेला ठेवला नाही. राजपुत्राच्या पायाशी पडलेला दाखवला. डोळा मात्र उघडा ठेवला. सुषमा दर थोड्या वेळाने वाटीत रंग कालवून देत होती. तिने टाकलेल्या निळीमुळे तो पांढरा रंग सावलीत गार दिसत होता, माझ्या हातून कधी उतरला नव्हता असा.

ऊन कलल्यावर मी ब्रश धुतले. मावशी कधी येऊन बसल्या होत्या कळलं नाही. भिंतीसमोर सतरंजीवर, पाय दुमडून. वर बघत होत्या. चित्रातल्या राजपुत्रापेक्षा त्या थोड्या खाली बसल्या होत्या, त्यामुळे हंसाचा लोंबता पंख त्यांच्या डोक्याच्या जरा वर येत होता. मग उठून त्यांनी माझे रंगाने माखलेले हात पदराने पुसले.

मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी सुषमाने टिपेश्वरला जायचं का विचारलं. गाडी सकाळी लवकर सुटते, आधी नाव नोंदवावं लागतं, थंडीत शाल न्या. जाणाऱ्यांनी जरूर जा. मी गेले नाही. त्याऐवजी आम्ही दोघी महामार्गावर करंजीच्या फाट्यापर्यंत गेलो आणि ढाब्यावर पाटवडी-रस्सा खाल्ला. समोर वणीकडून आलेले कोळशाचे ट्रक उभे होते. सुषमा एकेका ट्रकच्या मागच्या बाजूला जाऊन बघत होती. एका जुन्या ट्रकवर मोर होता, पिसाऱ्याचा निळा रंग उडालेला.

"त्याचा आहे?" मी विचारलं.

"माहीत नाही. तो कधी खाली नाव टाकत नसे." तिने मोरावरची धूळ ओढणीने पुसली. ड्रायव्हर चहा पीत होता, तो म्हणाला, "काय ताई, काही हरवलं का?" सुषमा "नाई, दादा" म्हणाली आणि आम्ही निघालो.

घरी परतून आता काही महिने झाले. बोटांवरचे ओरखडे तेव्हाच बरे झाले. शाळा सुरू आहे, पक्ष्यांचा धडाही होऊन गेला. या प्रवासाबद्दल लिहायला इतका वेळ का लागला, असं काहींनी विचारलं. एवढंच सांगता येईल की तिथून आल्यापासून कुठल्याही चित्रात उडता पक्षी दिसला की मी खाली बघते. तो ज्या हातांतून, ज्या फांदीवरून, ज्या अंगणातून निघाला ते चित्रकाराने दाखवलंय का, ते शोधते. बहुतेक वेळा दाखवलेलं नसतं. तिकडे जायचं असेल तर नक्की जा. रस्ते खराब आहेत आणि माणसं तुम्हाला जेवल्याशिवाय सोडत नाहीत. कपाशीचं पीक बघाल तेव्हा ते वेचणारे आणि त्यावर फवारणारे हातही बघा. त्या विषालाही आपण औषधच म्हणतो, हे मला अजून नीट पचलेलं नाही.

परवा पौर्णिमा झाली. दुसऱ्या दिवशी सुषमाचा फोन आला. विहारात वंदना झाली, मग खीर वाटली. मुलं खिरीच्या वाट्या घेऊन चित्रापाशी जमली होती. त्यांतल्या एका चिमुरडीने मावशींचा पदर ओढून सगळ्यांसमोर मोठ्याने विचारलं, "आजी, हा हंस मेला का?"

"काका काहीतरी बोलायला उठले, मॅडम," सुषमा सांगत होती. "मलाही वाटलं, आता आई उठून जाईल."

मावशी उठल्या नाहीत. त्यांनी त्या मुलीला जवळ ओढून मांडीवर घेतलं, तिच्या हातातली सांडायला आलेली वाटी सरळ केली.

"नाई वं," त्या म्हणाल्या. "बरा होऊन राह्यला."